कमानीखालची जागा

"सुएझ सुटलं!" जगननं मोबाइल डोक्यावर धरून जाहीर केलं आणि कमानीखाली जमलेल्या पाच-सहा जणांनी असा सुस्कारा टाकला, की जणू ते जहाज त्यांनीच दोर लावून ओढलं होतं.

मोबाइलच्या निळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका होता. तो ठिपका म्हणजे जहाज, जहाजाच्या पोटात कंटेनर, कंटेनरमध्ये खोका आणि खोक्यात जगनची मोटारसायकल. साधीसुधी नव्हे, डोंगर चढणारी, नदीतून जाणारी, बर्फात न घसरणारी, जर्मनीहून निघालेली. लालबागच्या ज्या गल्लीत हातगाडी वळवायची तर आधी दोन माणसांना भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं, तिथं ती नांदायला येणार होती. चाळीनं कुणाच्या बाळंतपणाचीही एवढी वाट पाहिली नव्हती.

"कुठं पोचली रं बोट?" कमानीच्या आत डाव्या हाताला, जिन्याखालच्या फरशीवर बसलेल्या गुणवंतीनं विचारलं.

"तांबड्या समुद्रात, मावशी. आता सरळ कोलंबो. तिथं दुसऱ्या बोटीवर चढवणार, मग न्हावाशेवा."

"म्हंजे मुंबईवरनं पुढं जायाची आन् मग मागं यायाची?"

"शिपिंगमध्ये असंच असतं, मावशी." जगन फोर्टातल्या एका शिपिंग कंपनीत मोठ्या पगारावर होता, तेव्हा असंच असतं म्हटल्यावर असंच असणार. जाता जाता तो थांबला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "आणि ते लक्षात आहे ना तुमच्या? म्हणजे बोट लागली की..."

"हाय रं बाबा, हाय लक्षात."

गुणवंती सुक्या बोंबलांच्या जुड्या उगीचच पुन्हा लावू लागली. बोट लागली की ही जागा जाणार होती. चाळ कमिटीनं तसा ठराव केला होता. एवढी महागाची परदेशी गाडी रस्त्यावर कशी ठेवणार? डोक्यावर छप्पर, दाराला गेट आणि वर कॅमेरा अशी अख्ख्या चाळीत एकच जागा होती, आणि तिथं गुणवंती बसत होती. कमिटीचे सेक्रेटरी वसंतराव स्वतः सांगायला आले होते. "तुम्हाला जा कुणी म्हणत नाही, गुणवंतीबाई. समोरच्या फुटपाथवर बसा की. चार पावलं तर आहेत." ती चार पावलं छपराखालून उन्हात जाणारी होती आणि फुटपाथवर महापालिकेची गाडी कधीही येऊन पाटीसकट सगळं उचलून नेऊ शकत होती, हे वसंतरावांनाही ठाऊक होतं. पण गाडी काही त्यांची पाटी उचलणार नव्हती.

जागा गुणवंतीची म्हणजे तशी तिच्याही आधीची. माहीमच्या कोळीवाड्यातून तिची सासू काशीबाई इथं येऊन बसायची. कोळणीच्या घरात सासू सुनेला दागिने देते न देते, पण बसायची जागा देते. काशीबाईनं लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात गुणवंतीला इथं आणून शेजारी बसवलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला सांगितलं होतं, "ही माझी सून. माझ्या मागनं ही बसंल." कागद नाही, पत्र नाही, पण अख्खी गल्ली साक्षीदार होती. आता गुणवंतीचे गुडघे बोलायला लागले होते, आणि या दिवाळीनंतर सून बकुळाला आणून शेजारी बसवायची असं तिनं ठरवलं होतं. तेवढ्यात जर्मनीत कुणीतरी तो खोका जहाजावर चढवला.

वाट बघणं या चाळीला नवं नव्हतं. चाळीस वर्षं होत आली त्याला. गिरण्यांचा संप झाला तेव्हा इथले पुरुष रोज संध्याकाळी या कमानीखालीच उभे राहायचे आणि उद्या मिटतो, परवा मिटतो म्हणत विड्या ओढायचे. त्यात जगनचा बाप बुधाजी सगळ्यात पुढं. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा माणूस, हाताला सरळ आणि डोक्यानं ताठ. संप मिटला असं कुणी सांगितलंच नाही. माणसं एकेक करून उभी राहायची कमी झाली, एवढंच. कुणी गावी कोकणात गेला, कुणी पोटमाळ्यावर दोरी शोधली, कुणी दारूच्या गुत्त्याचा वॉचमन झाला. बुधाजी तेवढा शेवटपर्यंत उभा होता. आपली बायको बाहेर कामाला जाते असं कुणी म्हटलं असतं, तर त्यानं त्याचे दात पाडले असते.

आणि चंपा बाहेर कामाला जात होती.

हे जगात दोनच बायकांना ठाऊक होतं. त्यातली एक चंपा आणि दुसरी गुणवंती. घरात पोर उपाशी झोपायला लागलं तेव्हा चंपानं एका दुपारी पाटीशी वाकून हळूच विचारलं होतं, "गुणवंती, धक्क्यार कोलबी सोलूक बायका घेतत, खरा काय गो?" त्यानंतर दोन वर्षं पहाटे गुणवंती मासळी घ्यायला भाऊच्या धक्क्याला निघाली की रे रोडच्या पुलाखाली चंपा उभी असायची, डोक्यावरून पदर घेऊन. गुणवंतीनंच तिला शेडमधल्या मुकादमाकडे नेलं, स्वतःची नणंद म्हणून. बर्फातल्या कोळंबीचे ढीग सोलून बोटं फुटायची, मिठाच्या पाण्यानं चरचरायची. घरी सांगितलेलं होतं की भायखळ्याला शिवणाच्या क्लासला जाते. जगन तेवढा वेळ इथंच, या फरशीवर गोणपाट टाकून काशीबाईच्या पुढ्यात झोपलेला असायचा; काशीबाईलाही क्लासचंच सांगितलेलं होतं.

प्रश्न वासाचा होता. कोळंबीचा वास म्हणजे लिंबू चोळा, चिंच चोळा, राख चोळा, नखांत बसतो तो बसतोच. शिवणाच्या क्लासचा असा वास येत नाही. त्यावर तोड गुणवंतीनं काढली. दुपारी परत येताना चंपा सरळ वर जायची नाही. कमानीखाली थांबायची, सगळ्यांच्या देखत दोन्ही हात पाटीत घालायची, बांगडे उलटेपालटे करायची, कल्ले उघडून बघायची आणि गुणवंतीशी तोंड वाजवून भांडायची.

"ह्ये काय ताजे म्हणतंस गो? मेल्या डोळ्यांचे!"

"घ्यायाचं तर घे, नायतर हात काढ पाटीतनं, भवाने!"

आणि मग न घेताच तणतणत जिना चढायची. रोजचा तमाशा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, काय ही बुधाजीची बायको, दमडी सुटत नाही आणि हात मात्र रोज बरबटवून घेते. वासाला कारण मिळालं होतं. वास गुणवंतीच्या पाटीचा होता. भांडून झाल्यावर वरच्या कठड्यावरून चंपा खाली बघायची तेव्हा दोघींच्या डोळ्यांत हसू असायचं आणि ते दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही.

पुढं बुधाजीला एका गोदामावर काम लागलं आणि चंपाचं धक्क्याला येणं थांबलं. जगन शिकला, चांगला शिकला. शेजारची खोली घेऊन भिंत पाडली, एसी बसवला. चाळीच्या जागी टॉवर येणार म्हणून तो इथून हलत नव्हता. बुधाजी गेला. या सगळ्याचं गुणवंतीला मनापासून बरं वाटलं होतं. त्यात तिनं कधी हिस्सा मागितला नव्हता. आता मागायचा तर तो एवढाच, की चंपानं पोराला एक शब्द सांगावा.

श्रावणात एका दुपारी, जगन आणि त्याची बायको पद्मजा कामावर गेल्याची वेळ बघून गुणवंती वर गेली. नळावर हातपाय धुतले, पदर झटकला, कागदात बांधलेले सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, बरोबर घेतले. चंपा टीव्हीसमोर आरामखुर्चीत होती. तिनं पुडी घेतली, हुंगली आणि उठून बाहेर गॅलरीत ठेवून आली.

"घरात ठेवलंय तर वास रवता. पद्मजाक चलत नाय."

"ऱ्हाऊंदे भायेर. चंपा, मी काय म्हंते, तू सांग ना पोराला. तुझा शब्द नाय मोडायचा तो."

"काय सांगू?"

"जागेचं. माझं जाऊंदे, मी आज हाय उद्या नाय. पन बकुळाला कुठं बसवू? लालबागमदी नवी जागा कोन देतं का आता?"

"कमिटीन ठरवल्यानी. माझ्या हातात काय आसा गो?"

गुणवंतीला हसू आलं. "तुझ्या हातात काय व्हतं ते मनाच ठावं! धक्क्यावर जायचो तवा पोराला त्याच फरशीवर निजवायचीस का नाय? तेवढं सांग त्याला. बापाला कळायचं भ्या व्हतं, बाप तर गेला. आता कसली लाज?"

चंपानं टीव्हीवरची नजर काढली आणि तिच्याकडे सरळ बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती नव्हती, ओळखसुद्धा नव्हती.

"धक्क्यार? मी? मी कधी गेल्लंय गो धक्क्यार?"

"अगो, सून कामावर गेली ना? कोन ऐकतंय?"

"कोणी ऐकान दे. मी भायखळ्याक शिवणाच्या क्लासाक जायचंय. ह्यांका म्हायती होता. तुझी कायतरी चूक होता, गुणवंती. वय झाला आपला."

बाई खोटं बोलत असती तर बरं झालं असतं. खोट्याशी भांडता येतं. पण चंपाच्या आवाजात कसलीही कसरत नव्हती. नवऱ्याला सांगितलेली थाप तिनं इतकी वर्षं घासूनपुसून ठेवली होती आणि आता ती तिच्यापुरती खरी झाली होती. तिला कोळंबी सोलताच येत नाही, घरात सोललेलीच आणतात, असंही चंपानं बोलता बोलता सांगितलं. गुणवंती उठली. जिना उतरताना तिला आपल्या गुडघ्यांचीसुद्धा शुद्ध नव्हती.

आता उरली होती ती बोट. कोलंबोला ती अडकून पडली. खराब हवेमुळं दुसरं जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. कमानीखाली हळहळ पसरली. जगननं दोन दिवस कुणाशी धड बोलणंसुद्धा टाळलं. गुणवंती रोज विचारायची, "हलली का रं बोट?" नाही म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा आणि लोकांना वाटायचं, बघा, म्हातारीलाही गाडीचं किती कौतुक. गुणवंतीनं चेहरा उतरवण्यात चांगलाच जम बसवला होता. आत मात्र तिला एकेक दिवस लॉटरी लागल्यासारखा वाटत होता.

अशातच नारळी पौर्णिमा आली. माहीमच्या किनाऱ्यावर कोळीवाडा लोटला होता. बायका नटल्या होत्या, बँड वाजत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे होड्या समुद्रात जाणार होत्या. गुणवंतीचा नवरा धोंडू आणि मुलगा रघू एकाच होडीवर होते. ती नारळ घेऊन गुडघाभर पाण्यात उतरली. शेजारी बकुळा, हात जोडून, डोळे मिटून.

गुणवंतीनं डोळे मिटले आणि तिच्या मनात पहिलं आलं ते हे, की ती बोट बुडू दे.

नुसतं आलं नाही. व्यवस्थित आलं, खोक्यासकट, कंटेनरसकट, वर फुटलेल्या पाण्यासकट. कुणी मरायला नको, नुसती बोट जाऊ दे, अशी वर तिनं मनातल्या मनात सूटसुद्धा दिली. आणि मग तिला कळलं की आपण काय मागतोय, आणि कुणापाशी मागतोय. पायाखालची वाळू ओढली जात होती. हेच पाणी उद्या रघूच्या होडीखाली असणार होतं. आपल्या होडीपुरतं शांत राहा आणि त्या जहाजापुरतं खवळ, असं समुद्राला कुणी सांगितलंय? कोळणीच्या पोटी जन्मून, कोळ्याच्या घरात नांदून, तिनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्राकडं कुणाचं तरी वाईट मागितलं होतं, आणि तेही कुठल्या दिवशी!

नारळ सोडायला हात उघडेना. मागच्या बायका ओरडायला लागल्या, सोड गो, सोड लवकर. तेव्हा ती मोठ्यानं, बँडच्या वर आवाज काढून म्हणाली, "समद्यांना सुखरूप आन रं बाबा! समद्या होड्या! ती कोलंबोची बोट पन आन!"

"आये, कुठली गो बोट?" बकुळानं विचारलं.

"हाय एक," गुणवंती म्हणाली आणि रागानं रडायला लागली. एवढा राग तिला कुणाचाच कधी आला नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेच समजत नव्हतं.

बोट आली. हवा निवळली, जहाज हललं, न्हावाशेव्याला लागलं. कस्टममध्ये थोडं रखडलं, पण गणपतीच्या आधी टेंपो गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. आदल्या दिवशी गुणवंतीनं जागा स्वतःच्या हातानं धुऊन दिली होती, दोनदा. तिसऱ्यांदा वसंतरावांनी माणूस लावून ॲसिडनं धुऊन घेतली, तेही तिच्या देखत.

गाडी खरोखरच देखणी होती. म्हशीएवढी उंच, पुढं चोच काढलेली, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या. चंपा जरीची साडी नेसून आरती घेऊन खाली उतरली. पोरं मोबाइल धरून कठड्यांना लोंबकळली होती. जगननं गाडी चालू केली तेव्हा त्या आवाजानं कमानीतली कबुतरं उडाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या फुटपाथवरून गुणवंती बघत होती. जगनचं लक्ष गेलं. तो वाईट पोरगा नव्हता, त्यानं हात हलवला आणि हाक मारली, "मावशी, आली एकदाची! तुम्ही रोज विचारायचात ना!"

"आली रं बाबा," गुणवंती म्हणाली. "बरं झालं."

गाडी त्या जागेवर जेमतेम पंधरवडा राहिली. मुरलेला वास ॲसिडला दाद देईना. गल्लीतली मांजरं रोज येऊन फरशी हुंगायची आणि काही सापडलं नाही की सीटवर चढून नखं काढायची. गणपतीच्या दिवसांत घुशींनी कसली तरी वायर कुरतडली. तिचा जोड इथं मिळत नव्हता, तोही पुन्हा बोटीनंच यायचा होता. जगननं डोक्याला हात लावला आणि गाडी टेंपोत घालून ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगला नेऊन ठेवली. ती पुन्हा लालबागला आलीच नाही. लडाखला जायचं होतं, तेही पुढच्या वर्षावर गेलं.

जागा रिकामी झाली, पण सुटली नाही. कमिटीनं तिच्याभोवती साखळी लावली होती, ती तशीच राहिली. गुणवंतीनं वसंतरावांना विचारलं. ते म्हणाले, "जगनरावांच्या नावावर ठराव आहे ना. नवा ठराव करायला मीटिंग लागते. बघू." जगनला विचारावं तर तो सकाळी जायचा आणि रात्री यायचा. बकुळा दिवाळीपर्यंत थांबली आणि मग मासळी घरपोच देणाऱ्या एका कंपनीत लागली. टोपी घालून, हातमोजे चढवून ती दिवसभर पापलेटं कापते आणि पाकिटात भरते. बसायला स्टूलसुद्धा देत नाहीत. सुनेला द्यायला गुणवंतीकडे फुटपाथचा एक तुकडा होता, आणि तोही महापालिकेची गाडी यायची नाही तेवढ्या वेळापुरता.

ऑक्टोबरचं ऊन वाढलं तेव्हापासून चंपा दुपारी खाली यायला लागली. वर एसी लावून तिचे सांधे धरत होते. प्लास्टिकची खुर्ची घेऊन ती साखळीच्या आत, जिन्याखाली बसायची. तिथं कमानीतून चांगला वारा येतो; काशीबाईनं उगीच नव्हती ती जागा धरली. समोर फुटपाथवर, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, गुणवंती. मधे चार पावलांची गल्ली. कुणी कुणाशी बोलायचं नाही.

अशाच एका दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बर्फ वितळत चालला होता, बांगडे मऊ पडत होते, गुणवंती त्यांच्यावर पाणी शिंपडत होती. समोर साखळी वाजली. तिनं मान वर केली. चंपा उठून उभी होती. तिनं साखळीचा आकडा काढला होता आणि ती हातात धरून इकडेतिकडे बघत होती.

"गुणवंती," तिनं हळूच हाक मारली. "ये गो. सावलेत बस थोडी. आता कोण बघूक नाय."

त्या आवाजात रे रोडच्या पुलाखालची चंपा होती. म्हणजे होतं सगळं हिच्या आठवणीत. क्षणभर गुणवंतीचे गुडघे आपले आपण उठायला निघाले. पाटीला हातही लागला. मग तिनं हात मागं घेतला. दोन वर्षं हिचा वास आपण चारचौघांत आपल्या अंगावर घेतला, आणि आज ही आपल्याला आपलीच जागा चोरून द्यायला निघाली आहे.

"नको," ती म्हणाली. "हितं बरं हाय मना."

"ऊन किती आसा गो."

"असूंदे."

वरच्या मजल्यावर कुणाचं तरी दार वाजलं, जिन्यात चपला वाजायला लागल्या. चंपानं घाईघाईनं, आतल्या बाजूनंच, साखळी पुन्हा अडकवली आणि खुर्चीत बसून पदर नाकाला लावला.